शालू आली की खरखर

"शालू, जराशीक बाजूले सर वं!" माझ्या नवऱ्याचा, मोतीरामांचा, तो आवाज इतक्या वर्षांनीही माझ्या कानात हसतो.

अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं दोन खोल्यांचं घर. दोनदा माझी कूस अर्ध्यावरच रिकामी झाली, तेव्हापासून घर मुकं झालं होतं. म्हणून ह्यांनी बॅटरीवरचा रेडिओ आणला, आणि गाण्यांच्या मागोमाग हसू परत आलं.

मग खरखर सुरू झाली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या डोमाजी मिस्त्रीने छपरावरची एरियलची तार हलवली, गल्लीतल्या पिठाच्या गिरणीची मोटर घटकाभर बंद ठेवायला लावली. खरखर होतीच. शेवटी त्याने आम्हाला एकेक करून रेडिओपुढून चालवलं. खरखर फक्त माझ्या पावलाला यायची.

"वयनी, आंगात मोटर बसवली काय?" डोमाजी म्हणाला.

"मोतीराम, बायको ठेव, रेडिओ वापस कर!" शेजारच्या गोदाबाई पदराआड खुदखुदल्या.

हसता हसताच डोमाजीने बॅटरी काढून खाली ठेवली. मी सहज जवळ गेले.

बंद रेडिओतून आवाज आला. टकटक, टकटक. चिमणीच्या उरासारखा, घाईघाईचा.

आता कोणी हसेना.

"आत्ताच दुकानात वापस देतो हा," हे म्हणाले. त्यांनी तार सोडवायला घेतली.

मी रेडिओ उचलून पोटाशी धरला. टकटक मोठी झाली.

"नोका देऊ," मी म्हणाले. "तिसरा महिना लागला मले."