उजवी बाजू

मतीनला जर्मनीत ट्रक चालवायची नोकरी लागली. तिकडं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून रविवारी सकाळी तो भूगावहून गाडी काढून लवासाच्या रिकाम्या रस्त्यावर सरावाला आला. शेजारी परवीन लाटणं घेऊन बसलेली. सवयीनं गाडी जरा डावीकडं सरकली, की बायकोचा मनगटावर फटका!

पहिल्याच वळणावर समोरून गाडी आली आणि मतीननं हॉर्न दाबला. पण तीसुद्धा तिच्या उजव्या बाजूनंच निघून गेली. आतला माणूस काच खाली करून ओरडला, "कॅनडा! तुम्ही?"

पुढं एक दुबईवाला भेटला, मग एक अमेरिकेवाली. कुणाचा कुणाला धक्का लागला नाही. मतीनचा हात मस्त बसला.

तेवढ्यात दुधाचे कॅन लावलेल्या मोपेडवरून तिथल्याच गावातले कुशाबा आले, आपली डावी बाजू धरून, थेट मतीनच्या समोर. मतीननं करकचून ब्रेक मारला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ओ बाबा, राँग साइडनं काय येताय? मरायचंय का?"

कुशाबांनी शांतपणे मोपेड थांबवली.

 

"आरं, तुमी समदे जाणार असाल. मी हितंच ऱ्हाणार हाय."