किल्ल्यांचा जुडगा

बाळाच्या अंगावर वळ नव्हता, साधा ओरखडाही नव्हता. बापाने उलटंपालटं करून पाहिलं, बोटांची पेरंसुद्धा तपासली. तरी कुठेतरी पाणी मुरतंय, याची त्याला खात्री होती. तो संध्याकाळी घरी येतो, तेव्हा हे लेकरू दगडासारखं गप्प का असतं? मुठी आवळून नुसतं बघत राहतं, रडतसुद्धा नाही. बिचाऱ्याला काही गाऱ्हाणं सांगायचं असणार. आणि दिवसभर त्याच्यापाशी असतं कोण? सांभाळणाऱ्या मावशी.

तो काचसामानाच्या गोदामात तपासनीस होता. खोकं धड आणि आतली बरणी फुटलेली असली, तर ती कुणाच्या हातून फुटली ते तो नुसत्या नजरेने सांगायचा. हमाल त्याला वचकून असत, आणि याचा त्याला कोण अभिमान! घरीही नजर तीच. बायको गरोदर होती तेव्हा आल्या आल्या चौकशी सुरू व्हायची. कोण आलं होतं? फोन कुणाचा होता? दोन कप का विसळलेत? ती सरळ उत्तरं द्यायची, म्हणून त्याचा संशय आणखीच वाढायचा.

आज त्याने दोघींना समोर उभं केलं. बाळ बायकोच्या कडेवर होतं.

"मावशी, खरं सांगा. मारता, की धाक दाखवता?"

मावशींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अहो, माझ्या मांडीवर झोपतं ते. मी कामाला लागले त्या दिवसापासून हे असंच आहे. वहिनींना विचारा."

म्हणजे दोष आधीचा. बापाची मान सावकाश बायकोकडे वळली. "मावशींच्या आधी याच्याजवळ तूच होतीस ना?" असं म्हणत त्याने खिशातून गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि सवयीने बोटावर फिरवला.

किल्ल्या खुळखुळल्या. बाळ ताठ झालं. आणि बायकोचा हात आपसूक पोटावर गेला.

"पोटातसुद्धा हा असाच थांबायचा," ती खाली बघत म्हणाली. "छान लाथा मारत असायचा. जिन्यात तुमच्या किल्ल्या वाजल्या की माझ्या छातीत धस्स व्हायचं, आणि हा एकदम गप्प."

माल कुणाच्या हातून फुटला ते त्याला कळलं. या वेळी ओरडायला दुसरं कुणी नव्हतं. शरमेने त्याचे कान तापले. जुडगा ठेवून द्यावा म्हणून तो टेबलापाशी गेला आणि तिथेच उभा राहिला. आवाज न करता तो कसा ठेवायचा, हेच त्याला कळेना.