निळ्या घरचा जावई

"डावीकडून घेतलंत तर पुलावरची गर्दी टळेल," मागच्या सीटवरून कर्टिस म्हणाला.

वर्ननने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. डावीकडे वळायचा दिवा त्याने आधीच लावला होता. "तुला रे काय माहीत इथले रस्ते?"

"मावशी राहते ना सेंट लुईसला. लहानपणी सुट्टीत यायचो."

मावशी! वर्ननने शेजारी बसलेल्या बायकोकडे अर्थपूर्ण नजर टाकली. लॉरेन भाजलेल्या शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन नदी बघत होती. तिला त्यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही.

त्यांचं गाव शिकागो आणि सेंट लुईसच्या मधलं. त्यामुळे अर्धी घरं निळी, म्हणजे शिकागोच्या टीमची, आणि अर्धी लाल, सेंट लुईसची. इतर ठिकाणी भावाभावांत बांधावरून भांडणं होतात, इथे बेसबॉलवरून होत. लॉरेनचं माहेर कट्टर निळं. तिचे वडील लाल टोपीवाल्याला घराची पायरी चढू देत नसत. वर्नन मुलगी मागायला गेला तेव्हा म्हाताऱ्याने पहिला प्रश्न टीमचा विचारला होता. नोकरीचा विषय मग जेवताना निघाला.

म्हातारा गेला, पण त्याचा दंडक वर्ननने चालू ठेवला, आणि तोही काकणभर जास्तच कडकपणे. शिकागोची मॅच असली की लॉरेन टीव्हीपुढे बसे आणि वर्नन गॅरेजचं दार ओढून रेडिओला कान लावे. टीव्हीवरची बडबड त्याला सोसत नसे.

आणि आता त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, जोलीनला, मागणी घालायला हा कर्टिस आला होता. 'मी जन्माचा निळा' असं सांगत होता, आणि डोक्यावरची निळी टोपी मात्र कालच दुकानातून आणल्यासारखी कोरी करकरीत.

"अगं, लाल असेल तर असू दे," वर्नन लॉरेनला म्हणाला होता. "पण लाल असून निळा म्हणवत असेल, तर असला माणूस उद्या आपल्या पोरीला कशाकशात फसवेल?"

"तुझा संशय काही जायचा नाही. चल, सेंट लुईसला जाऊ. सकाळी निघू, संध्याकाळी परत. आपली टीम खेळायला येतेच आहे तिथे. मैदानात बसला की खरा रंग दिसेल."

जोलीनची दवाखान्यात ड्यूटी होती, म्हणून तिघंच निघाले.

मैदानाबाहेर कर्टिसने सारण भरून तळलेल्या रॅव्हिओलीची प्लेट घेतली. तो पदार्थ खास त्याच शहरातला. "घ्या ना, मिस्टर स्टट्झमन," त्याने प्लेट पुढे केली. वर्ननने नको म्हणून मान हलवली, पण प्लेटवरून नजर काही काढली नाही.

"मावशीच्या हातच्या याहून चांगल्या असतील," तो म्हणाला.

"छे, तिला कुठला आलाय स्वयंपाक. डबेच उघडते ती."

प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार. वर्ननला ते मुळीच आवडलं नाही.

त्यांच्या जागा सगळ्या लाल गर्दीत होत्या. मध्ये वर्नन, एका बाजूला लॉरेन, दुसऱ्या बाजूला कर्टिस. सेंट लुईसचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, डावखुरा, उंच, आणि त्या दिवशी त्याच्या हाताला काय झालं होतं कोण जाणे. नऊपैकी सहा इनिंग झाल्या तरी शिकागोच्या एकाही बॅटरला त्याने हिट, म्हणजे धावून तळ गाठता येईल असा फटका, मारू दिला नव्हता. शेवटपर्यंत असं टिकणं क्वचितच कुणाला जमतं.

असं घडायला लागलं की मैदानात एक नियम पाळतात. पिचरच्या बाजूच्या माणसांनी त्या गोष्टीचा उच्चारही करायचा नाही. केला की मोडलंच समजा. उलट, समोरच्या बाजूच्या माणसाने ती मुद्दाम मोठ्याने बोलून दाखवायची, म्हणजे दृष्ट लागते.

आजूबाजूची लाल गर्दी गुपचूप झाली होती. कर्टिसही गप्प होता.

लॉरेनने तोंडाशी हात नेऊन ओरडायची तयारी केली, तसा वर्ननने तिचा दंड धरला.

"थांब," तो कुजबुजला. "पोराला बोलू दे. खरा निळा असेल तर आपणहून बोलेल."

"आणि तोवर मॅच हरलो तर?"

"पोरगी मोठी की मॅच मोठी?"

लॉरेनने नाइलाजाने शेंग फोडली. सातवी इनिंग गेली, आठवी गेली. कर्टिस हाताची घडी घालून बसलेला, ओठ घट्ट मिटलेले. वर्ननच्या कपाळावर घाम आला होता, पण मनातून तो खूश होता. सापडला होता पठ्ठ्या. आज रात्रीच जोलीनला समोर बसवून सांगायचं, की बाई, हा माणूस खोटा आहे.

नववी, शेवटची, सुरू झाली. शिकागोचे दोन बॅटर बाद झाले. आता एकच राहिला.

कर्टिस वर्ननच्या कानाशी वाकला. "मिस्टर स्टट्झमन, मघापासून धीर करतोय. एवढ्या लाल लोकांत ओरडलो तर मार बसेल का हो?"

"ओरडलास तर? काय ओरडणार आहेस?"

"जे ओरडायला हवं तेच. पडला मार तर पडू दे." तो उभा राहिला, तोंडाभोवती हात धरले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा आवाज काढला. "अरे, ह्या पिचरला अजून एकसुद्धा..."

पुढचं ऐकूच आलं नाही. वर्ननचा अख्खा पंजा त्याच्या तोंडावर बसला होता.

"गप्प बस, मूर्खा! एकच बॅटर राहिलाय, आपल्या पिचरचं वाटोळं करशील!"

लॉरेनच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती नवऱ्याकडे वळली.

"लग्नाच्या आधीपासून?" तिने विचारलं.