तिसरा झटका

दोरीला एक झटका बसला. मग दुसरा. दाजींनी केबल पुढे सारायला घेतली, तोच तिसरा बसला.

दाजींच्या हातातली केबल गळून पडली.

दाजी आणि त्यांचा मेहुणा बारा वर्षं शाळाशाळांतून सर्व्हर बसवत आले होते. त्या दिवशी एका शाळेच्या नव्या इमारतीतला सर्व्हर जुन्या इमारतीतल्या कॉम्प्युटरना जोडायचा होता. दाजी अलीकडून पाइपात केबल सारायचे, मेहुणा पलीकडून दोरीनं ओढायचा. एक झटका म्हणजे थांबा. दोन म्हणजे सोडा. तीन म्हणजे असाल तसे धावत या. हा तिसरा नियम दाजींनी नुसता शोभेला ठेवला होता. बारा वर्षांत तो कधी लागला नव्हता.

त्यांनी मेहुण्याला फोन लावला. तो त्यांच्याच कोपराशी वाजला, खुर्चीवर टाकलेल्या मेहुण्याच्या शर्टाच्या खिशात. दाजी असे दचकले की त्यांनी तो उचलला आणि "हॅलो?" म्हणाले.

जुन्या इमारतीचा खालचा दरवाजा सुट्टीमुळे कुलूपबंद. राहिला दोन इमारतींना जोडणारा तिसऱ्या मजल्यावरचा पूल. तीस पावलांचा. पायाखाली लोखंडी जाळी, जाळीखाली मैदान, आणि मैदानातली बास्केटबॉलची रिंग वरून बांगडीएवढी. दाजींना स्टुलावर चढतानाही घाम फुटायचा, म्हणून तर पलीकडचं काम कायम मेहुण्याकडे.

"लहान आहे तो अजून, जरा सांभाळा हो त्याला," बायको रोज सकाळी दारातून बजावायची. लहान चाळिशीला टेकला होता.

दाजी पुलावर आले. दहा पावलं कठडा धरून चालले, पुढची पाच रांगत. पूल पाळण्यासारखा झुलत होता. तो दोन्हीकडे हात-हात सिमेंटात रोवलेला होता, पण हे दाजींना कोण सांगणार? मधोमध ते थिजले. माघारी फिरावं असं त्यांना एकदा, म्हणजे खरं सांगायचं तर चारदा वाटलं. तेवढ्यात पलीकडे काहीतरी लोखंडी वस्तू मजल्यामागून मजला आपटत खाली गेली. मग सगळं चिडीचूप.

उरलेली पंधरा पावलं त्यांनी कशी काढली, ते त्यांना आजही सांगता येत नाही.

जुन्या इमारतीच्या जिन्याच्या मधल्या पोकळीवर मेहुणा छताच्या पाइपाला दोन्ही हातांनी लोंबकळत होता. त्याच्या पायाखालून निसटून आधी जिन्याच्या कठड्याला अडकलेली शिडी आता तळमजल्यावर पडली होती, आणि शिडी ते मेहुणा एवढी सगळी नुसती हवा. दोरी त्याच्या दातांत होती. तीनही झटके त्यानं मान हिसडून दिले होते.

स्टुलाला घाबरणारे दाजी कठड्यावर चढले. त्यांनी त्याच्या कमरेला मिठी मारली.

"सोड हात!"

मेहुण्यानं दोरी थुंकली. "तुम्ही... पुलावरून आलात?"

"सोड म्हणतो ना गाढवा! तुझी बहीण मला घरात घ्यायची नाही!"

त्यानं हात सोडले. दोघंही आतल्या बाजूला फरशीवर धाडकन आदळले.

"चौथापण देणार होतो, दाजी," मेहुणा म्हणाला. "पण चौथ्याचा अर्थच आपण ठरवला नव्हता."

दाजी हसले नाहीत. त्यांची मिठी सुटली नव्हती. बोटं पांढरी पडली होती, डोळे गच्च मिटलेले.

"सोडा की आता, दाजी. फरशीवर आहे मी."

"तू आहेस रे," दाजी म्हणाले. "मी अजून पुलावरच आहे."