पितळेचे गोट

मेना सजला होता. आत बसायला मुलगी नव्हती.

चिन्मयी तापानं फणफणली होती. दरवर्षी गढीतली एक मुलगी शालू नेसून, तोंडावर पदर ओढून मेन्यात बसते. मेना वेशीत थांबतो. गावातला कुणीतरी शत्रूचा सरदार होऊन विचारतो, "आत कोण?" मुलगी म्हणते, "मी बाईसाहेब." मग वेशीतल्या शिळेवर फुलं पडतात. सुलतानी फौजेनं गढी वेढली, धनी रणात पडले, तेव्हा बाईसाहेब आपण होऊन वेशीत आल्या आणि तिथंच मारल्या गेल्या. सारं गाव असंच सांगतं.

"माझ्याऐवजी पायल बसेल," चिन्मयी अंथरुणातून म्हणाली. "तिला सगळं येतं."

पायल तिच्या वर्गातली. सराव दोघींनी मिळूनच केलेला. चिन्मयीच्या आईनं, रजनीनं, पायलला शालू नेसवला. हातात रिवाजाप्रमाणे पितळेचे गोट चढवले. अंगावर रेशीम आणि हातात पितळ, हे असं का, कुणी कधी विचारलं नव्हतं. आरशात पायल स्वतःकडेच बघत राहिली.

तेवढ्यात चिन्मयीचे वडील, दीनानाथ, उंबऱ्यात थबकले. "रजनी, हे काय? वेशीत आपलं रक्त सांडलंय. मेन्यात आपल्याच रक्ताची पोरगी लागते."

पायलची आई, बेबीनंदा, ओसरीवर उभी होती. लेकीचं कौतुक बघायला आलेली.

"सोड तो शालू, पायल," ती म्हणाली. "तुझ्या पणज्यानं ह्यांचा मेना उचलायचं सोडलं, त्याला जमाना झाला. आपण काय मागायला आल्तो का? चल घरी."

पायलनं निरीला हात घातला. निरी सुटली.

"थांब," रजनी म्हणाली. आणि जात्याची घरघर घुमावी तशा खालच्या सुरात तिनं म्हटलं,

मागल्या दारानं
धनीण निघाली
मेन्यात बसली
दासी तिची

"ही कुठली ओवी?" दीनानाथ म्हणाले.

"याच घराची. सासूबाईंनी दिली मला, त्यांना त्यांच्या सासूनं. म्हणाल्या, पुरुषांच्या कानावर घालू नकोस, फेटे ढळतील."

"बिलकुल खोटं!"

"बाईसाहेबांचं एकुलतं लेकरू पाळण्यात होतं. त्या वेशीत मेल्या असत्या, तर ते आईवाचून कसं जगलं असतं, आणि तुम्ही कुणाचे वंशज?" रजनीनं पायलचा हात वर धरला. "शालू दासीला दिला. सोनं वाटखर्चाला लागणार होतं, ते बाईसाहेबांनी नेलं. हातातलं पितळ तिचं स्वतःचं."

दीनानाथांनी डोक्यावरचा फेटा चाचपला.

"म्हंजे पुन्हा दासीच का आमच्या वाट्याला?" बेबीनंदा कडाडली.

"ताई, बाईसाहेब भित्र्या नव्हत्या. रानोमाळ हिंडून त्यांनी लेकरू जगवलं, गढी परत घेतली. पण वेशीत त्या नव्हत्या. वेशीत जी उभी राहिली, तिचं नावसुद्धा आम्ही राखलं नाही. फुलं मात्र आपल्या नावावर घेत आलो."

बेबीनंदानं लेकीकडे पाहिलं. "तुझं तू ठरव, बाई."

पायलनं सुटलेली निरी पुन्हा खोचली. यावेळी स्वतःच्या हातानं.

वेशीत गाव लोटलं होतं. कुणी भिंतीवर, कुणी ट्रॅक्टरवर. मोबाइल उंचावले होते. मेना थांबला, हलगी थांबली. दाढी चिकटवलेला रामकिसन तलवार परजत पुढं आला.

"आत कोण?"

आतून पितळ वाजलं. पडदा सरला. पायल मेन्यातून खाली उतरली, तोंडावरचा पदर तिनं मागं टाकला आणि शिळेला पाठ लावून उभी राहिली.

"बाईसाहेब कवाच निघून गेल्या," ती म्हणाली. "हितं मी हाय."