जोडीचा बोल्ट

कास्पारने रुमालाची गाठ सोडली आणि आतला बोल्ट माइनराडच्या कामाच्या टेबलावर ठेवला.

"हा ठेव तुझ्याकडे."

"आणि बंदूक?"

"ती घरी आहे. एवढाच ठेव."

माइनराडने चष्मा कपाळावर सरकवला. नेमबाजी मंडळातल्या सगळ्यांच्या बंदुका तोच दुरुस्त करायचा. स्वतः मात्र जुन्याच जमवायचा आणि जुन्यांनीच नेम धरायचा. काळ्या प्लास्टिकच्या नव्या बंदुकांना तो भांडी म्हणायचा आणि त्या घेणाऱ्यांना गिऱ्हाइकं. भिंतभर बंदुका टांगलेल्या असूनही त्याचा जीव जडला होता तो कास्पारच्या कार्बाइनवर, त्या आखूड नळीच्या जुन्या बंदुकीवर. अक्रोडाचा दस्ता, आणि नळीवर, सांगाड्यावर, बोल्टवर एकच आकडा ठोकलेला. कारखान्यातून जशी निघाली तशीच्या तशी. अशी जोड न तुटलेली बंदूक साऱ्या खोऱ्यात आता दुसरी नव्हती. बोल्ट म्हणजे गोळी आत सारून कुलूप घालणारा दांडा. तो काढला की बंदुकीची नुसती काठी होते.

"नवीन घ्यायचा बेत दिसतोय," माइनराड म्हणाला. "या वयात कुणाच्या नादी लागलास?"

"नाही रे."

"मग विकतोयस? सुटे भाग करून?"

"विकत नाही. हिवाळाभर ठेव. मग नेईन."

कास्पारची बायको आगाथा सप्टेंबरात गेली होती. तेव्हापासून तो सरावाला यायचा, कोपऱ्यात कॉफी घेऊन बसायचा आणि एकही गोळी न झाडता घरी जायचा. सगळ्यांना दिसत होतं. पण या खोऱ्यात कुणी कुणाच्या दुःखाची चौकशी करत नाही. अंत्ययात्रेला यायचं, हात घट्ट दाबायचा, दुसऱ्या दिवसापासून हवेबद्दल बोलायचं. याला इथे माणुसकी म्हणतात. माइनराडही दोन महिने त्याच्याशी हवेबद्दलच बोलत आला होता.

बोल्टबद्दल मात्र त्याला गप्प बसवेना.

"बोल्ट इथे आणि बंदूक तिथे? उद्या मी आडवा झालो तर हा कुणाच्या डब्यात जाईल सांग! एका आकड्याची जोड आहे ती. नवराबायको आहेत, कास्पार. त्यांना कुणी असं वेगळं करतं का?"

शब्द बाहेर पडले आणि माइनराडने जीभ चावली.  कास्पार खिडकीबाहेर बघत होता. तिथे कोरड्या उबदार वाऱ्याने फरची झाडं वाकत होती. हा वारा सुटला की खोऱ्यात निम्म्या लोकांची डोकी उठतात.

आता भरपाई करायलाच हवी होती. माइनराडने अंगात कोट चढवला, तेलाची बाटली आणि चिंध्या घेतल्या, बोल्ट रुमालात बांधला आणि कास्पारला गाडीत बसवलं. "चल, मीच येतो वर तुझ्या घरी. जागच्या जागी बसवून देतो. तुला काही करावं लागणार नाही."

"राहू दे, माइनराड."

"चल म्हटलं ना!"

वर, कास्पारच्या स्वयंपाकघरात माइनराडने कार्बाइन टेबलावर घेतली. नळी पुसली, तेल दिलं, बोल्ट हलक्या हाताने आत सारला. मागेपुढे करून पाहिला. लोण्यातून सुरी फिरावी तसा चालला. इतक्या प्रेमाने त्याने स्वतःच्या बंदुकांनाही कधी हात लावला नव्हता. कास्पार सगळा वेळ पाठ करून उभा होता.

"झालं. आता कशी पूर्ण दिसते!"

"बरं," कास्पार म्हणाला.

माइनराड समाधानाने खाली आपल्या घरी आला. अंधार पडू लागला होता. त्याने बूट काढले, चीज कापायला घेतलं, तोच फोन वाजला. बर्नहून कास्पारची मुलगी रेगुला बोलत होती.

"बाबा आले होते का तुमच्याकडे? बोल्ट दिला ना त्यांनी?"

"आला होता की! काळजी नको. चांगला झापला त्याला, आणि स्वतः वर जाऊन परत बसवून दिला."



"त्यांनी तुम्हाला काहीच सांगितलं नाही?"

"काय सांगायचं?"

"डॉक्टरांनी बजावलं होतं, चालती बंदूक घरात ठेवू नका म्हणून. पोलिसांकडे जमा करा म्हटलं, तर बाबांना लाज वाटली. म्हणाले, माइनराडला देतो. तो काही विचारणार नाही, नुसता ठेवून घेईल."

माइनराडने फोन कसा ठेवला, बूट घातले की नाही, त्याला काही कळलं नाही. वळणावळणाच्या चढावर गाडी दोनदा कठड्याला घासली. आपल्याच हाताने, तेल देऊन, मागेपुढे करून पाहून! कान बाहेर लावून तो चालवत होता आणि काही ऐकू येऊ नये म्हणून देवाची विनवणी करत होता.

दार नुसतंच लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात दिवा लावलेला नव्हता. कास्पार टेबलाशी बसला होता. कार्बाइन माइनराडने ठेवली होती तिथेच, त्याच्यापुढे पडलेली. अंगातला कोट त्याने अजून काढला नव्हता. दोन्ही हात मांड्यांखाली घालून तो त्यांच्यावर बसला होता, सगळं वजन टाकून.

माइनराडने बोल्ट ओढून काढला. तो खिशात कोंबला.

"चुकलो गड्या," तो म्हणाला. "नेतो मी हा. आत्ता नेतो."

कास्पारने हात बाहेर काढले नाहीत.

"नुसता तो नको नेऊस," तो म्हणाला. "मलाही ने."