डावा गुडघा

कोच हगिन्सने टोपी उलटी केली आणि जॅव्हॉन टिलमन मैदानावर आडवा झाला. त्याला कुणाचा धक्काही लागला नव्हता. चेंडू तर पार पलीकडच्या कडेला होता. पण टोपी उलटी झाली की बचावफळीतल्या एकाने पडायचं, हे सरावातच ठरलं होतं. आज पाळी जॅव्हॉनची होती.

वेस्ट हार्लनची पोरं दम खाऊच देत नव्हती. एक चाल संपते न संपते तोच पुढची सुरू. जॅव्हॉनच्या डॅनिंग स्टेटचे हे एवढाले गडी कमरेवर हात ठेवून धापा टाकत होते. तीन गुणांची आघाडी होती, ती आता जाते की मग जाते अशी अवस्था. कुणी जखमी झाला की खेळ थांबतो आणि बाकीच्यांना श्वास घ्यायला मिळतो. कोचचा हिशोब एवढा साधा होता.

तसा कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलमधला हा पेकन बोल सामना म्हणजे काही फार मोठा मान नव्हे. मोसम संपल्यावर, नाताळ उरकल्यावर, ज्यांना मोठ्या सामन्यांचं बोलावणं आलं नाही त्यांची ही गाठ. डॅनिंग आधी हरत सुटली आणि मग जिंकत सुटली. हार्लनचं नेमकं उलटं. दोघांचे जेवढे विजय तेवढेच पराभव. आजचा सामना जिंकला तर वर्ष चांगलं गेलं म्हणायचं, हरला तर वाया गेलं म्हणायचं.

जॅव्हॉन डावा गुडघा धरून, डोळे मिटून पडून राहिला. स्टेडियम गप्प झालं. इतकं गप्प होईल असं त्याला वाटलं नव्हतं. डोळे किलकिले करून बघितलं तर हार्लनचे सगळे खेळाडू हेल्मेट काढून, एक गुडघा टेकून बसले होते. कुणी पडला की असं बसायचं, ही सगळीकडची रीत. जॅव्हॉनही कितीदा तसा बसला होता. सगळ्यात जवळ त्यांचा कप्तान होता, तांबड्या केसांचा. त्याचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते.

"देवा, या चव्वेचाळीस नंबरला सांभाळ."

डॅनिंगच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. "कुठं दुखतंय?"

"गुडघा."

"इथं?"

"हो."

"आणि इथं?"

"हो."

बाई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग खाली वाकून हळूच म्हणाल्या, "ऊठ आता. आणि नीट लंगड. तुझी आजी खाली कठड्याशी आलीय."

एर्मा टिलमन नातवाचा सामना बघायला आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. तिला जागा मिळाली होती अगदी वरच्या रांगेत. कोंबड्या कापायच्या कारखान्यात उभ्याने काम करून तिचे दोन्ही गुडघे कधीच गेले होते. तेवढ्या सगळ्या पायऱ्या ती काठी टेकत उतरून आली होती आणि कठड्याला धरून उभी होती, तोंडावर हात ठेवून.

जॅव्हॉन लंगडत बाहेर आला तेव्हा सगळं स्टेडियम टाळ्या वाजवत होतं, दोन्ही बाजूंचं. त्याने मान वर केली नाही.

"अरे, याला नाटकात घाला रे कुणीतरी!" बाकावरचा एक जण पुटपुटला. "आईशप्पथ, मी रडणारच होतो." बाकीचे पाण्याच्या बाटल्या तोंडाला लावून हसू दाबत होते.

खेळ पुन्हा सुरू झाला, पण हार्लनची लय तुटली ती तुटलीच. तांबड्या केसांच्या कप्तानाने दुसऱ्याच चालीत चेंडू थेट डॅनिंगच्या खेळाडूच्या हातात फेकला. डॅनिंगने सामना जिंकला. कोचने चषक उंचावला, त्यावर अक्रोडासारखं दिसणारं, पितळेचं भलंमोठं पेकन होतं.

आजी खेळाडूंच्या खोलीच्या दाराबाहेर थांबली होती. "बघू," ती म्हणाली आणि वाकायला गेली. तिला वाकवेना.

"काही नाही गं आजी. बरा आहे."

"काही नाही म्हणे! अख्खं मैदान गुडघ्यावर आलं होतं तुझ्यासाठी. मीपण बसले असते, पण मग मला उठवलं कुणी असतं?"

एवढ्यात तो तांबड्या केसांचा कप्तान त्यांच्याकडे वळला. रडून त्याचे डोळे सुजले होते. "चव्वेचाळीस! पाय कसा आहे रे?"

"ठीक आहे."

"नशीब. मला वाटलं, मोडला." त्याने जॅव्हॉनचा हात हातात घेऊन दाबला.

"तुझ्या आईला सांग," आजी त्याला म्हणाली, "पोराला वळण चांगलं लावलंय."

जॅव्हॉनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो पोरगा दूर गेल्यावर त्याने तोंड उघडलं. "आजी, मी..."

"टिलमन!" कोच हगिन्स बसच्या दारातून ओरडला. "जपून उतर रे, पायाला सांभाळ!" आणि त्याने डोळा मारला.

"काय म्हणत होतास, सोन्या?"

"काही नाही."

बसकडे जायला सिमेंटच्या पायऱ्या होत्या. आजीने आपली काठी त्याच्या हातात दिली.

"नको गं. तुला लागते ती."

"मला सवय आहे रे. तू घे. आणि वाद घालू नकोस माझ्याशी."

एका अंगाने वळून, दोन्ही हातांनी कठडा धरून, ती एकेक पायरी उतरू लागली. प्रत्येक पायरीवर थांबून मागे बघत होती, नातू नीट येतोय ना म्हणून. जॅव्हॉन काठी टेकत मागून येत होता. कुठल्या पायाने लंगडायचं, ते त्याला आठवेना.